तळाचा नमुना

“मग लिवा की सरळ, कृष्णात मेला म्हनून! आडून कशाला?”

कृष्णात उंबऱ्यात बसून ओरडला आणि ओरडता ओरडताच त्याला ढास लागली. बनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, तर नवऱ्याने तो हातानेच बाजूला सारला. पाणी नुकत्या सारवलेल्या जमिनीवर सांडलं. चुलीपाशी लसूण सोलत बसलेली त्याची म्हातारी आई, राहीबाई, मान वर न करता म्हणाली, “सांड, सांड. दाराशी नदी हाय. पान्याची किंमत जतच्या पोरीला, तुला रं कशाला आसंल?”

“आये, तू मधी बोलू नगंस.”

“मग कवा बोलू? तुमचं मिटल्यावर? तवर मी ऱ्हाते व्हय?”

त्यांचा मुलगा अर्जुना खांबाला टेकून उभा होता. त्याच्या एका हातात कराराच्या कागदाची नक्कल होती आणि दुसऱ्या हातात सांगलीहून आणलेला भडंगाचा पुडा. चांगली बातमी तोंड गोडतिखट करून सांगावी म्हणून त्याने तो आणला होता. पुड्याचा दोरा अजून कोणी सोडला नव्हता.

“कुनी सांगितलं हुतं तुला पेठेत जायाला?” कृष्णातने दम सावरून बायकोला पुन्हा विचारलं. “तात्यांच्या दारात जाऊन कागदातनं नवऱ्याचं नाव काढा म्हनालीस. लाज न्हाई वाटली?”

“वाटली. तरी गेले.”

“आन् माझं काढाया गेलीस ती पोराचं घालून आलीस.”

 ओली झालेली जमीन बनुबाई पोतेऱ्याने टिपत राहिली. नवऱ्याला वाचवायला ती गेली होती. मुलाचं नाव त्या कागदात कसं आलं, हे दुपारपासून तिचं तिलाच उमगत नव्हतं.

कृष्णात ज्योतिबा मोहिते हा हरिपूरच्या पेवांमध्ये उतरणारा माणूस होता. सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार चाले आणि ती हळद ठेवायची हरिपुरात, जमिनीच्या पोटात. पेव म्हणजे माणसाच्या कित्येक पट खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद असं कोठार. नदीकाठची ती माती पाणी आत येऊ देत नाही, म्हणून हळकुंडं तिथं वर्षानुवर्षं राहतात. तोंडावर फरशी ठेवून वरून चिखलाने लिंपलं की झालं. उघडताना मात्र घाई करून चालत नाही. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. तोंड मोकळं करून पेव तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत विझली तर थांबायचं, टिकली तर उतरायचं. हे कृष्णातला त्याच्या बापाने शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापाने.

बनुबाई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या माहेरचे खूश होते. जतच्या बाजूला बायकांचा जन्म घागरी वाहण्यात जातो. पोरगी नदीकाठी पडली, सुटली, असं सगळे म्हणाले. इथे येऊन तिने पाहिलं, तर नवरा रोज संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन येई. त्याचं धोतर, त्याची बंडी, उशीची खोळ, वाकळ, सगळं पिवळं. नदीचं पाणी होतं ते धुण्यातच जायचं. लग्नात करवल्या चेष्टा करत होत्या, “नवऱ्याला हळद कशाला लावता गं, उलट त्याचीच काढून नवरीला लावा.” गावातली पोरंही त्याला सोडत नसत. तो पेवातून वर आला की कोणीतरी हमखास म्हणे, “काय कृष्णातदा, पालीच्या यात्रंला गेलतास व्हय? खंडोबानं लयच भंडारा उधळलाय!” कृष्णात हसायचा. तेव्हा त्याला हसता येत होतं.

त्याचं नाव कागदात आलं ते त्र्याहत्तर साली, आणि ते एका भांडणातूनच आलं.

तात्यासाहेब हे सांगलीच्या पेठेतले जुने जैन व्यापारी. त्यांनी एक भरलं पेव गुजरातच्या एका खरेदीदाराला विकलं. तेव्हाची रीत अशी, की पेवाचं तोंड उघडायचं, वरची चार ओंजळी हळद काढायची, तोच नमुना. त्यावर भाव ठरायचा. वरची हळकुंडं सोन्यासारखी होती. पेव उपसत उपसत माणसं तळाला गेली तेव्हा तिथली हळद मऊ पडून काळवंडलेली निघाली. खरेदीदार म्हणाला, तुम्हाला ठाऊक होतं. तात्यासाहेब म्हणाले, मी बसदीत जाऊन देवापुढे शपथ घेतो. प्रकरण पंचांपुढे गेलं. पंचांनी पेव उपसणाऱ्या माणसालाच बोलावलं. तो कृष्णात. बापापासून तात्यांच्याच पेवांवर पोट भरलेला. तात्यांकडे न बघता तो म्हणाला, “तळाला वल हुती. जुनी वल. तात्यास्नी ठाऊक हुती का न्हाई ते मला ठाऊक न्हाई.”

त्या दिवशी घरी येऊन तात्यासाहेब जेवायला बसले, पण घास जाईना. त्यांचा मुलगा जयपाल नुकताच बी.कॉम. झाला होता. यापुढे करार पक्के करायचे, नमुना कसा घ्यायचा ते आधी लिहून ठेवायचं, असं तो बापाला समजावत होता. तात्या म्हणाले, “नमुना म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा. त्यात लिहायचं काय?” त्यांची बायको पद्मावती वाढत होती. ती सहज म्हणाली, “वरचं शीत चेपून करपलेला भात कळतो होय? त्याला तळाला पळी घालावी लागते.”

जयपालने ते उचललं. नव्या करारात त्याने लिहिलं, की नमुना पेवाचं तोंड, पोट व तळ अशा तीन जागांचा घ्यावा. नमुना घेतेवेळी पेवात एकच इसम असावा, म्हणजे अदलाबदलीचा संशय राहणार नाही. आणि तो इसम उभयपक्षी मान्य असा कृष्णात ज्योतिबा मोहिते असावा. त्याच्या हातचा नमुना उभयपक्षांवर बंधनकारक राहील. कृष्णातचं नाव घालायचं सुचवलं ते खरेदीदाराने. ज्याने मालकाच्या तोंडावर खरं सांगितलं त्याचा हात मला चालेल, असं तो म्हणाला. तात्यासाहेबांनीही मनात काही न ठेवता मान हलवली. पुढे इतर व्यापाऱ्यांनी तोच मजकूर उचलला. पेठेत नमुना म्हटलं की लोक विचारू लागले, “हात कृष्णातचा हाय न्हवं?”

कृष्णातला वाचता येत नव्हतं. पण कागदात आपलं नाव कुठे आहे ते त्याने जयपालला बोट ठेवून दाखवायला लावलं होतं. नंतर कुठलाही करार समोर आला की तो बरोबर त्या ओळीवर बोट ठेवी. त्याची छाती भरून येई, आणि त्या वेळी ती दुसऱ्या कशाने भरलेली नव्हती.

घरात त्या नावाचा काच सुरू झाला. सगळ्या व्यापाऱ्यांना मान्य असलेल्या हाताने कोणाचंच काही घ्यायचं नाही, असं कृष्णातने स्वतःच ठरवलं. संक्रांतीला पद्मावतीने टोपलीभर हळकुंडं पाठवली, ती त्याने परत धाडली. अर्जुना खोकत होता आणि दुधात घालायला घरात चिमूट नव्हती, तरी कनवटीला चिकटलेलं हळकुंड त्याने पेवाच्या तोंडाशी परत टाकलं. बनुबाई शनिवारच्या बाजारातून कागदाच्या पुडीत हळद विकत आणायची. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावत. राहीबाई म्हणायची, “हळदीच्या गावात हळद इकत! उद्या नदीतबी बादलीनं पानी ओतशील रं बाबा.” पण नमुन्याच्या पिशव्या बनुबाईच शिवायची. कोऱ्या मांजरपाटाच्या, दुहेरी टाक्याच्या. तोंडाची, पोटाची, तळाची. शिवताना तिलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलावं?

तळाचा नमुना काढणं म्हणजे काय, ते मात्र कागदात लिहिलेलं नव्हतं. तोंडाचा नमुना बसून काढता येतो. तळाचा काढायचा तर भरलेल्या पेवात मधोमध हळद उपसत खाली जायचं. वरची माणसं टोपल्या ओढून घ्यायची आणि आत एकटा कृष्णात. भोवतीची हळद घसरून अंगावर येऊ नये म्हणून पाठीने रेटून धरायची आणि हाताने भरायचं. पूर्वी पेव उपसायला तिघं चौघं उतरत, एकमेकांना सांभाळत, आळीपाळीने वर येऊन वारा खात. आता नमुना पिशवीत बंद होईपर्यंत दुसऱ्याने पाय घालायचा नाही. खाली उकाडा, कोंदट वास आणि डोळ्यांनाही दिसणार नाही इतकी बारीक भुकटी. दर मोसमात कृष्णात असा किती वेळा तळाला गेला, त्याचा हिशोब त्याच्या छातीने तेवढा ठेवला.

आधी खोकला आला. मग जिना चढताना दम. मग झोपेत शिट्टीसारखा आवाज. बनुबाईने त्याला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं, छातीचा फोटो काढला, आणि विचारलं, “काम काय करता?” कृष्णात म्हणाला, “नमुना काढतो.” डॉक्टरांना समजेना. बनुबाईने सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आजपासून पेव बंद. पुन्हा खाली गेलात तर मी काही करू शकणार नाही.” परतीच्या एसटीत कृष्णात खिडकीकडे तोंड करून बसला. सांगली आल्यावर म्हणाला, “हे पेठेत कुनाला कळता कामा नये. तुला माझी शपथ हाय.”

मिरजेलाच अर्जुना होता. बनुबाईने त्याला दोन वर्षांपूर्वी एका तंबोरे करणाऱ्या उस्तादाच्या कारखान्यात ठेवला होता. भोपळे वाळवायचे, आतून खरवडायचे, लाकूड घासायचं. हातात फार काही पडत नसे. पण रविवारी पोरगा घरी येई तेव्हा त्याच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा, आणि तो झटकताना तिला सुख व्हायचं. या घरात पिवळा नसलेला एक तरी माणूस आहे, असं तिला वाटायचं. अर्जुनाला तसं वाटत नव्हतं. “दिवसभर भोपळा खरवडायचा आये, आन् वाजवनार कोन, तर दुसराच. आबांचं बघ. सगळी पेठ नावानं वळखती.”

दवाखान्यातून आल्यावरही कृष्णात उतरत राहिला. अर्जुना रविवारी म्हणायचा, “मी जातो आबा खाली. तुमी तोंडाशी बसा. मी काढून देतो, तुमी पिशवीत भरा. तुमच्याच हातचा झाला की.” कृष्णात चिडायचा. “हात माझा म्हंजे माझाच. वर बसून भरला तर तो नमुना न्हवं, ती लबाडी.”

मग मागच्या आठवड्यातलं ते पेव झालं. वरच्या माणसांनी दोरी ओढली तर ती जड लागली. कृष्णात चढत नव्हता, नुसता लोंबत होता. तिसरी पिशवी त्याने दातात धरली होती. त्याला तोंडाशीच आडवा केला. कोणीतरी बनुबाईला बोलावून आणलं. ती धावत आली आणि पदराने त्याचं तोंड पुसू लागली. पिवळं निघालं आणि खाली ओठ निळे होते. जवळ उभा असलेला दलाल खरंच काळजीने विचारत होता, “पिशवी उघडली नाही ना?”

दुसऱ्या दिवशी बनुबाई कोणाला न सांगता सांगलीला गेली.

तात्यासाहेबांचं घर दिवस बुडायच्या आत जेवतं, त्यामुळे ती पोचली तेव्हा पानं वाढायची घाई होती. पद्मावतीने तिला मागच्या सोप्यात बसवलं आणि दूध दिलं. जेवता जेवता तात्या उठून आले नाहीत, पण त्यांनी पाट दाराकडे सरकवून घेतला.

“काय गं बनू? कृष्णात बरा आहे?”

“न्हाई तात्या. बरे न्हाईत.” मग तिने मिरजेचं सगळं सांगितलं. नवऱ्याने घातलेली शपथ ती मोडत होती. “त्यांचं नाव काढा कागदातनं. माझं एवढंच मागनं हाय. तुमी काढलं तरच ते थांबतील. माझं काय ऐकत न्हाईत.”

पद्मावती वाढता वाढता थांबली. “मीच बोलले होते,” ती हळूच म्हणाली. “तळाला पळी घालावी लागते म्हणून. मला काय माहीत, पळीच्या जागी माणूस घालतील.”

जयपाल म्हणाला, “काकी, नाव काढता येईल. पण ती जागा रिकामी ठेवता येत नाही. हात कोणाचा ते लिहिलं नाही, तर पुन्हा मागचंच भांडण. समोरचा माणूस कसा विश्वास ठेवणार?”

“ते मला न्हाई कळत, बाळ.”

 तात्यासाहेबांचे डोळे भरून आले होते. वाईट माणूस नव्हता तो. “तू काळजी करू नको,” ते म्हणाले. “कृष्णातचं वाईट होईल असं मी काही करणार नाही. मी बघतो काय करायचं ते. चालेल ना?”

थोर माणसाने एवढं म्हटल्यावर, काय करणार ते सांगा, असं विचारायची रीत नाही. बनुबाईने पदर सारखा केला. “तुमी वडीलधारे. तुमी म्हनाल तसं.”

निघताना पद्मावतीने करंडा पुढे करून तिला हळदकुंकू लावलं. बनुबाईने वाकून नमस्कार केला. ती हळद कपाळावर राहावी म्हणूनच तर ती आली होती. नदीच्या वाटेने घरी येताना तिला हलकं हलकं वाटत होतं.

तात्यासाहेबांनी खरोखरच विचार केला. इतक्या वर्षांचं नाव एकदम खोडलं तर कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं होईल, म्हणून ते ठेवलं. काम घरातून जाऊ नये, चूल बंद पडू नये, म्हणून पुढे मुलाचं घातलं. बापाचा हात मुलाकडे जायचा, यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. बनूने तर हो म्हटलंच होतं. खरेदीदाराच्या दलालालाही ते पटलं. मोहित्यांचा हात होता, मोहित्यांचाच राहिला. जयपालने शनिवारी मिरजेला निरोप धाडून अर्जुनाला बोलावून घेतलं, कागद वाचून दाखवला आणि सही घेतली. अर्जुनाने तिथूनच परत जाऊन उस्तादांना काम सोडत असल्याचं सांगितलं, आणि रविवारी दुपारी भडंगाचा पुडा घेऊन तो घरी आला.

तेव्हापासून घरात हे चाललं होतं. आता दिवस कलला होता. राहीबाईचा लसूण सोलून झाला होता आणि ती सालं गोळा करत होती.

“आये, यात रडन्यासारखं काय हाय?” अर्जुना म्हणाला. “तूच म्हनायचीस न्हवं, आबांनी थांबावं? थांबले. आता मी जातो. सकाळी तात्यांचं पेव हाय. आजच तोंड उघडून ठेवलंय.”

“तू नगं जाऊस.”

“मग आबांनी जायचं?”

बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.  एवढ्या वेळात पहिल्यांदाच ती खाली बसली. हातातलं पोतेरं तिने मांडीवर घेतलं आणि लुगडं ओलं झालं तरी तिला कळलं नाही.

“कुनीच जाऊ नगा,” ती शेवटी म्हणाली.

“तात्यांनी शब्द दिलाय. दलाल येनार हाय. मी सही केलीया आये. न्हाई जाऊन कसं चालंल? आन् मला जायचं हाय. कुनी ढकलत न्हाई मला.” अर्जुनाने कागद उलगडला. “तुला वाटतंय आबांचा मान गेला. कुठं गेला? हे बघ, पयलं नाव त्यांचंच हाय.”

कृष्णात इतका वेळ दाराबाहेर बघत होता. त्याने मान वळवली. पोराने बाह्या दुमडल्या होत्या. केसांत अजून थोडा भुसा होता. आपल्या बापाने पहिल्यांदा दोरीला हात लावायला दिला तेव्हा आपण असेच उभे होतो, हे कृष्णातला आठवलं की नाही, सांगता येत नाही. पण त्याचा आवाज उतरला.

“अर्जुना, कंदील विझला तर?”

“थांबायचं. वारा भरू द्यायचा. पुन्यांदा सोडायचा.”

“आन् दलाल म्हनाला, माझी गाडी चुकती हाय, चल लवकर? तर?”

“तर...” अर्जुना हसला. “थोडा अंदाज घ्यायचा.”

“तळाला असताना हळद घसरली अंगावर. वर आवाज जात न्हाई. तवा?”

 राहीबाईचे सालं गोळा करणारे हात थांबले.

“इकडं ये,” कृष्णात म्हणाला. “वाच ती वळ. सावकाश वाच.”

अर्जुना त्याच्याजवळ उकिडवा बसला. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. “नमुना कृष्णात ज्योतिबा मोहिते याचे हातचा असावा. सदर इसम असमर्थ असल्यास, नमुना त्याचा मुलगा अर्जुना कृष्णात मोहिते याचे हातचा असावा.”

“असमर्थ म्हंजे?”

“म्हंजे... जमत न्हाई असा.”

“जमत न्हाई तरच तू.”

“व्हय.”

“आन् मला जमतंय तवर तू खाली पाय घालायचा न्हाई. असंच हाय न्हवं ते?”

“तसंच हाय. पन आबा, तुमाला जमत न्हाई. सगळ्यास्नी दिसतंय.”

“दिसतंय ते सोड. जमतंय का न्हाई हे कुनी ठरवायचं? तात्यांनी? दलालानं? डाक्टरनं? तुझ्या आयेनं? बघ, काय लिवलंय?”

अर्जुनाने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मागे उलटून पाहिला. “त्ये न्हाई लिवलेलं,” तो म्हणाला.

“न्हाई?”

“न्हाई आबा.”

कृष्णातने त्या ओळीवर बोट ठेवलं. आपल्या नावावर बरोबर ठेवलं. मग बोट जरा पुढे सरकवलं, जिथे मुलाचं नाव असेल अशा अंदाजाने, आणि ते तिथेच दाबून धरलं. त्याची नखं पिवळी होती. किती धुतली तरी ती तशीच राहायची.

बनुबाईला कळलं. ती उठायला लागली. “आवं,” ती म्हणाली, “तुमच्या पाया पडते. ऐका माझं. आवं...”

तो तिच्यावर ओरडला नाही. दुपारपासून पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि तिला वाटलं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुझी चूक न्हाई,” तो म्हणाला. “तू म्हनालीस, तुमी म्हनाल तसं. मीबी तेच म्हनालो असतो.”

भिंतीला धरून तो उभा राहिला. दम लागला म्हणून जरा थांबला. कोनाड्यातून त्याने कंदील काढला, काच पुसली, वात वर करून पाहिली आणि तो दाराशी ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात त्याने सांगितलं.

“अर्जुना उद्या पयल्या गाडीनं मिरजंला जाईल आन् उस्तादाचे पाय धरंल. पेवात मी उतरनार हाय. मला जमतंय.”